फलाटावरची माणसे आणि कागदावरचे आकडे



सार्वजनिक वाहतुकीच्या प्रश्नावर बोलताना प्रवाशांचे आकडे पुढे करण्याची आता रीतच पडून गेली आहे. अमुक स्थानकावरून रोज इतके लाख लोक जातात, तमुक स्थानक जगात पहिले, असे सांगितले जाते. ऐकणारा स्तिमित होतो आणि चर्चा तेथेच थांबते. वस्तुतः ती तेथून सुरू व्हावयास हवी. कारण माणसे मोजणे ही केवळ गणिताची बाब नव्हे. कोणाला मोजावयाचे, कोठे मोजावयाचे आणि कशासाठी मोजावयाचे, हा निर्णय प्रत्येक आकड्याच्या पाठीशी उभा असतो. आणि तो निर्णय गर्दीत चेंगरणारा माणूस घेत नसतो.

प्रथम बाहेरची दोन उदाहरणे पाहणे उपयुक्त ठरेल. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली, न्यूयॉर्कची १९०४ साली. दोन्ही शहरांत प्रत्येक स्थानकाचे वार्षिक आकडे जाहीर होतात. महामारीच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, लंडनच्या किंग्ज क्रॉस सेंट पँक्रास या भुयारी स्थानकाची नोंद सुमारे ८ कोटी ८० लाखांची होती. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर स्थानकाची सुमारे ६ कोटी ५० लाखांची. हे दोन आकडे शेजारी मांडले की लंडनचे स्थानक अधिक गजबजलेले असे कोणीही म्हणेल. पण लंडनमध्ये आत येणारा आणि बाहेर पडणारा असे दोघेही मोजले जातात, तर न्यूयॉर्कमध्ये केवळ आत येणारा. जितके लोक आत येतात साधारण तितकेच बाहेर पडतात असे धरले, तर न्यूयॉर्कचा आकडा १३ कोटींच्या घरात जातो आणि सारा निवाडा उलटा होतो. शिवाय टाइम्स स्क्वेअरच्या आकड्यात भुयारी वाटेने जोडलेले शेजारचे बस स्थानकाजवळचे स्थानकही धरलेले असते.

टोकियोच्या शिंजुकू स्थानकाची कथा आणखी उद्बोधक आहे. रोज सुमारे ३५ लाख प्रवाशांचे जगातील सर्वांत गजबजलेले स्थानक म्हणून त्याचा लौकिक आहे. परंतु तेथे पाच वेगवेगळ्या संस्थांच्या गाड्या येतात. त्यांतील सर्वांत मोठी जी जेआर ईस्ट, ती केवळ चढणारे प्रवासी मोजते. २०१९ साली तिचा दैनिक आकडा पावणेआठ लाखांच्या आसपास होता. इतर संस्था चढणारे आणि उतरणारे असे दोघेही मोजतात. एकच माणूस एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत चढला, तर तो दोन्हींच्या वह्यांत येतो. म्हणजे ३५ लाख हा माणसांचा आकडा नव्हे, तो नोंदींचा आकडा आहे.

यात कोणाची लबाडी आहे असे मुळीच नाही. रेल्वे चालविणाऱ्याला भाड्याचा हिशेब हवा असतो. भाडे जेथे वसूल होते तेथे तो माणूस मोजतो. पैशाचा हिशेब म्हणून ही पद्धत निर्दोष आहे. घोटाळा होतो तो हाच आकडा जिना किती रुंद हवा, पूल किती भार सोसेल, फलाटावर किती माणसे उभी राहू शकतील, हे ठरविण्यासाठी वापरला जातो तेव्हा.

आता मुंबईकडे वळावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास धावली. महामारीपूर्वी मुंबईची उपनगरी रेल्वे दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहत होती. या रेल्वेच्या स्थानकांना लंडन-न्यूयॉर्कसारखी मोजणारी दारे नाहीत. येथील गणना मुख्यतः विकलेल्या तिकिटांवरून आणि पासांवरून होते. प्रत्येक पासामागे ठराविक प्रवास गृहीत धरले जातात. आता कल्याणचा एखादा कामगार घ्या. त्याचा पास कल्याणचा. तो परळला उतरतो, पूल ओलांडून पश्चिमेच्या बाजूला कामावर जातो. कल्याणच्या हिशेबात तो आहे. ज्या पुलावर त्याला रोज दोनदा खांद्याला खांदा घासत चालावे लागते, त्या पुलाच्या हिशेबात तो कोठेच नाही. दादरसारख्या स्थानकावर गाडी बदलणाऱ्यांची तीच गत. तेथे तर एकाच जागी दोन रेल्वे नांदतात. दोहोंच्या फलाटांना सलग क्रमांक मिळावयास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला.

या न मोजण्याची किंमत काय असते, हे २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी दिसले. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. रेल्वेच्या चौकशीने त्या वेळच्या मुसळधार पावसाकडे बोट दाखविले. पाऊस पडला हे खरेच. परंतु मुंबईत पाऊस दरवर्षीच पडतो. गर्दीबद्दल लोकप्रतिनिधींची पत्रे पूर्वीच गेली होती, नव्या पुलाला मंजुरीही मिळाली होती. काम मात्र सुरू झालेले नव्हते.

ही गर्दी आकाशातून पडली नव्हती. परळ, लालबाग, लोअर परळ हा गिरण्यांचा मुलूख. गिरणी कामगार बहुधा गिरणीच्या आसपासच्या चाळीत राही आणि भोंगा वाजला की पायी कामावर जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा एक वाटा शहराच्या मोकळ्या जागांना आणि एक वाटा स्वस्त घरांना देण्याचे ठरविले होते. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा फार आखडला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. तेथे काम करणारे कारकून, पहारेकरी, सफाई कामगार विरारहून, कल्याणहून, कर्जतहून येऊ लागले. ज्या वस्तीत लोक पायी कामावर जात, तेथे आता लाखो लोक गाडीने येऊ लागले. पूल मात्र गिरण्यांच्या काळातलाच राहिला. जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब चोख ठेवला गेला. त्या जमिनीवर येणाऱ्या माणसांचा हिशेब कोणीच ठेवला नाही.

दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी नवा पूल खुला झाला. त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. म्हणजे पूल पाच महिन्यांत होऊ शकत होता. अडचण पोलादाची नव्हती, अडचण अग्रक्रमाची होती.

आज मुंबईत भुयारी मेट्रो आली आहे. आरे ते कफ परेड ही मार्गिका ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिच्या प्रत्येक दाराशी यंत्र आहे. आत जाणारा आणि बाहेर पडणारा एकेक माणूस मोजला जातो. हे स्वागतार्हच आहे. परंतु कमाल ७० रुपये भाडे देणारा प्रवासी एकेक करून मोजला जावा, आणि पाच रुपयांचे तिकीट काढणारा मात्र अंदाजाने धरला जावा, ही विषमता कोणत्या न्यायात बसते? मोजण्याचे तंत्र उपलब्ध नाही ही सबब आता उरलेली नाही.

तेव्हा मागणी काय असावी? स्थानकांच्या क्रमवारीत मुंबईचे नाव वर यावे, ही नव्हे. दिवसभराचा एकूण आकडा माणसाला चिरडत नाही. दोन गाड्या एकाच वेळी फलाटाला लागल्या की पुढच्या पाच मिनिटांत जिन्यावर जे घडते, ते चिरडते. म्हणून गणना तिकीट खिडकीवर नव्हे, पुलावर आणि जिन्यावर झाली पाहिजे. दर पंधरा मिनिटांची, दोन्ही दिशांची. जेथे दोन रेल्वे किंवा रेल्वे आणि मेट्रो एकत्र येतात, तेथे ती संयुक्त असली पाहिजे. ते आकडे दरवर्षी जाहीर झाले पाहिजेत, म्हणजे कोणता पूल अपुरा आहे हे अपघातापूर्वी कळेल. आणि मोठ्या बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी, तेथे येणारी माणसे कोणत्या जिन्याने उतरणार, या प्रश्नाचे लेखी उत्तर मागितले गेले पाहिजे.

या मागण्या क्रांतिकारक नाहीत, फारशा खर्चिकही नाहीत. त्या मान्य होण्यासाठी एवढेच कबूल करावे लागते, की रेल्वे तिकिटे वाहत नाही, माणसे वाहते. २९ सप्टेंबरच्या त्या सकाळी जिन्यावर असलेल्या कित्येकांच्या खिशात रीतसर पास होते. भाड्याच्या वहीत त्यांची नोंद बिनचूक होती. त्या पुलावर त्यांची संख्या अधिकृतपणे मोजली गेली ती मात्र मृत्यूनंतर, आणि ती २३ भरली.