हैदराबादेत चांगलं कुठे खावं?
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, मी डिप्लोमावाला माणूस, राज्य सरकारच्या रस्ते खात्यात नोकरी करतो. मला डांबर, खडी आणि कंत्राटदार एवढंच कळतं. ते म्हणाले, "तुम्ही सगळं शहर फिरता. पुण्याहून पाहुणे आले की आम्ही तुम्हालाच फोन करतो, कुठे खायचं म्हणून. त्यावरच बोला." तेव्हा विषय साधा आहे. हैदराबादेत चांगलं कुठे खावं?

आधी एक कबुली देतो. मला यातलं जे कळतं ते माझं नाही. ते आमच्या खात्यातल्या एका जीपचालकाचं आहे. आम्ही सगळे त्यांना भाईसाब म्हणायचो. बावीस वर्षं आम्ही एका जीपमधून फिरलो. माझं घर पूर्ण शाकाहारी, ते जुन्या शहरातले मुसलमान. पहिल्याच दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "साब, घास-पत्ती खाते क्या?" मी हो म्हणालो. तेव्हापासून माझ्या पानात काय चालेल याची काळजी त्यांनी माझ्यापेक्षा जास्त घेतली.

भाईसाबांचे तीन नियम होते. पहिला, दुकानाची पाटी बघू नका, खाणारे बघा. हमाल, रिक्षावाले, दुकानदार, पोलीस एकाच ठिकाणी उभे असतील तर गाडी थांबवा. दुसरा, एकच पदार्थ करणाऱ्याकडे जा. यादी चार पानांची झाली की समजा, यातलं निम्मं काल केलेलं आहे. तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक पदार्थाला त्याची वेळ असते, त्या वेळेलाच जा. म्हणून मी तुम्हाला घड्याळाप्रमाणे सांगतो.

पहाटेपासून सुरू करू. रात्री रस्त्याचं काम संपवून आम्ही निघायचो तेव्हा मोअज्जम जाही मार्केटच्या परिसरात बंडीवर तवे तापलेले असायचे. राम की बंडी आपल्यातल्या तरुणांना माहीत आहेच. तव्यावर लोणी, मसाला टाकून परतलेली इडली आणि कुरकुरीत डोसा. पहाटे चारला तिथे रात्रपाळीवरून सुटलेला कॉम्प्युटरवाला आणि भाजीचा टेम्पो चालवणारा एकाच चटणीत हात बुडवतात. दिवस उजाडल्यावर चारमिनारकडून गुलजार हौजच्या बाजूला या. गोविंद की बंडीवर तसाच लोण्याचा थाट, डोशावर उपमा पसरलेला. आपल्या आज्या म्हणतील, डोशात उपमा कशाला? आजी, एकदा खाऊन बघा आणि मग बोला.

त्यानंतर चहा. चारमिनारच्या पायथ्याशी निमरा कॅफे आहे. इराणी चहात चहाचं पाणी झाकून मंद आचेवर वेगळं मुरवतात आणि दूध आटवून वेगळं ठेवतात. दोन्ही एकत्र होतात ती कपातच. घरी आपण सगळं एका भांड्यात उकळतो म्हणून ती चव येत नाही. बरोबर उस्मानिया बिस्किट घ्यायचं, थोडं गोड, थोडं खारट. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. इराणहून आलेल्या माणसाचा चहा, निजामाच्या नावाचं बिस्किट, आणि शेजारच्या टेबलावर तेलुगूत भांडणारे दोन रिक्षावाले. आपलं शहर समजावून सांगायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

दुपारी 'मील्स'. तेलुगू माणसाचं जेवण तेलुगू माणसाच्याच क्रमाने जेवा. आधी गरम भातावर कोरडी पोडी आणि तूप, मग पप्पू म्हणजे वरण, मग पुलुसू, मग चारू, शेवटी दही. आपण सांबार-भात कालवून एका झटक्यात पोट भरतो आणि म्हणतो, तिखट होतं बुवा! क्रमाने जेवलात तर तिखटाला दही कसं भेटतं ते कळेल. गोंगुऱ्याची चटणी आली तर सोडू नका. तिच्याविषयी पुढे बोलायचं आहे.

दुपारची आणखी एक जागा सांगतो. तिथे आपल्यातले फार जण गेले नसतील. महानगरपालिकेने २०१४ साली हरे कृष्ण मूव्हमेंटबरोबर पाच रुपयांत जेवण देणारी केंद्रं सुरू केली. भात, सांबार, एक भाजी, लोणचं. आमच्या कामावरचे मजूर तिथेच जेवायचे. एकदा साहेबी बाजूला ठेवून मीही रांगेत उभा राहिलो. पुढे गावाकडून शिकायला आलेली दोन मुलं होती, मागे दवाखान्यात बायकोला घेऊन आलेला म्हातारा. चांगलं खाणं म्हणजे चवदार खाणं, हे खरं. पण भुकेल्या माणसाला मान खाली न घालता मिळतं तेही चांगलंच खाणं. त्यालाही आपल्या यादीत जागा हवी.

संध्याकाळी कोठी. सुलतान बाजार, काचीगुडा इथे वाढलेल्या आपल्या कुटुंबांना गोकुळ चाट काय ते मी सांगायला नको. २५ ऑगस्ट २००७ ला तिथे आणि लुंबिनी पार्कमध्ये एकाच संध्याकाळी स्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसं गेली. पुढे दुकान पुन्हा उघडलं आणि लोक परत आले. आपल्यातलेही गेले, सगळ्या धर्मांचे गेले. दहीपुरीची प्लेट हातात घेऊन तिथे उभं राहणं हासुद्धा शहरावरचा विश्वास होता असं मला वाटतं.

संध्याकाळीच बाजारांच्या आणि बसथांब्यांच्या आसपास रस्त्याकडेला बायका चूल किंवा गॅस मांडून जोन्न रोट्टे भाजताना दिसतात. जोन्न रोट्टे म्हणजे आपली ज्वारीची भाकरी. तेलुगूत 'जोन्नलू', आपल्याकडे 'जोंधळा'. तीच थाप, तसाच पापुद्रा. नोकरीसाठी शहरात एकटं राहणारं माणूस तिथून दोन भाकऱ्या बांधून नेतं. भाईसाब जीप थांबवून म्हणायचे, "साब, तुम्हारी भाकरी आ गई."

आता मांसाहाराविषयी. मी खात नाही, तेव्हा चवीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण आपल्या मंडळात खाणारी घरं भरपूर आहेत, म्हणून भाईसाबांकडून ऐकलेलं आणि त्यांच्यासमोर बसून पाहिलेलं सांगतो. कच्च्या मांसावर अर्धा शिजलेला भात रचून दम दिलेली ती खरी हैदराबादी बिर्याणी. हलीम रमझानमध्ये खावं, इतर महिन्यांत त्याच्यामागे लागू नये. गहू, डाळ आणि मांस तासन्‌तास भट्टीवर घोटावं लागतं. २०१० साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पुरानी हवेलीच्या बाजूला चार कोनांचं नान मिळतं, ते आम्ही शाकाहारीही चहाबरोबर खातो. आणि बारकस. निजामाच्या अरब शिपायांच्या बराकी होत्या, 'बॅरक्स'चं बारकस झालं. तिथे येमेनकडची मंडी मिळते, भात आणि मांसाचं एक मोठं ताट, भोवती चार-पाच जण जमिनीवर बसून एकत्र जेवतात. भाईसाब जेवायचे, मी शेजारी बसून कुबानीचा मीठा खायचो. वाळवलेल्या जर्दाळूंचा तो गोड पदार्थ. शाकाहारी माणसाला जुन्या शहरात जागा नाही असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

मंडळी, इथपर्यंत मजेचं बोललो. आता ज्यासाठी उभा राहिलो ते बोलतो.

भाईसाब निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, हार झाले, शाल झाली. शेवटी मला बाजूला घेऊन ते हसत म्हणाले, "साब, बाईस बरस मैं तुमकू सारा शहर खिलाया. तुम्हारे घर का खाना मैं नै देखा."

त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

आमचे आजोबा नांदेडकडून इथे आले, निजामाच्या काळात. मराठवाडा याच राज्यात होता, हे शहर आपली राजधानी होतं. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही इथेच राहिलो. तीन पिढ्या झाल्या. वडिलांनी आयुष्यभर डबा नेला. बाहेर खाल्लं तर फक्त उडुपी हॉटेलात. त्यांचे कचेरीतले स्नेही सगळ्या जातिधर्मांचे होते, पण घरी येणारे ओसरीपर्यंत. आणि आमच्या मागच्या खिडकीत एक काचेचा कप वेगळा ठेवलेला असायचा. कोणासाठी ते कधी कोणी बोललं नाही. लहानपणी मलाही माहीत होतं. तुमच्यापैकी काहींच्या घरीही तो कप होता. मी कोणाला दोष देत नाही. आमची माणसं वाईट नव्हती. पण कप होता.

मी भाईसाबांना आणि त्यांच्या बेगमना घरी जेवायला बोलावलं. खरं सांगतो, आईला सांगताना माझी जीभ अडखळली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिने फक्त विचारलं, "वांगी चालतात का त्यांना?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर आईने फडताळातून आमचीच रोजची स्टीलची ताटं काढून पुसून ठेवली होती. सगळी सारखी.

बेत होता ज्वारीची भाकरी, भरली वांगी, अंबाडीची भाजी, ताक आणि थोडा शिरा. भाईसाबांनी वांगं खाल्लं आणि थांबले. "अम्मा, ये तो बगारे बैंगन है! बस तुम लोगां गूड डाल दिए." शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, चिंच. दोन्हीकडे वाटण तेच. आपण काळा मसाला आणि गूळ घालतो, ते रस्सा जास्त ठेवतात. अंबाडी पाहून त्यांच्या बेगम म्हणाल्या, आमच्याकडे यात गोश्त घालतात, नाव अंबाडाच. तेलुगू लोक त्याच पाल्याला गोंगुरा म्हणतात. म्हणजे तीन स्वयंपाकघरांत एकच भाजी शिजत होती, आणि बावीस वर्षं आम्हाला एकमेकांना सांगावंसं वाटलं नव्हतं.

आई तिसरी भाकरी वाढायला लागली तर भाईसाब ताटावर हात धरून म्हणाले, "नक्को अम्मा, नक्को." आई हसायला लागली. म्हणाली, "अरे, हे तर मराठीत नको म्हणतात!" दखनीतला हा 'नक्को' आपल्याच 'नको'वरून गेलेला. शेकडो वर्षं ते आपला शब्द बोलत आहेत, आणि आपण त्यांच्या ताटात वाढायला इतका उशीर केला.

आता पुण्याचे पाहुणे मला आणखी एक प्रश्न विचारतात. इथे मराठी जेवण कुठे मिळतं? पूर्वी मला उत्तर सुचायचं नाही. इथे सगळ्यांची खाण्याची जागा आहे, इराण्याची, अरबाची, तेलुगूची, उडुपीची, मारवाड्याची. आपली पाटी मात्र सहज दिसत नाही. आज माझं उत्तर असं आहे की मराठी जेवण आमच्या घरात मिळतं. पण मग ते दार उघडं असायला हवं. आपण नुसते खाणारे राहिलो, वाढणारे झालो नाही, तर आपण या शहरात पाहुणेच राहू, मग कितीही पिढ्या होवोत. आपल्या नातवंडांची मराठी टिकवायची चिंता आपण दरवर्षी या व्यासपीठावरून करतो. शेजाऱ्यालाही माहीत असलेली भाकरी आणि वांगी लवकर विसरली जाणार नाहीत, तसंच भाषेचंही आहे.

म्हणून माझी एक छोटी सूचना आहे. या गणेशोत्सवात प्रत्येक घराने एका मराठी नसलेल्या कुटुंबाला जेवायला बोलवावं. मंडळात प्रसादाला नव्हे, घरी, आपल्याच ताटात. गौरीच्या दिवशी बोलवा, नाहीतर साध्या रविवारी. पुरणपोळी जमली नाही तर पिठलं-भाकरी करा. आणि त्यांनी उलट बोलावलं तर जा. जे चालत नसेल ते स्पष्ट सांगा, समोरचा सांभाळून घेतो. बावीस वर्षं मला कोणीतरी सांभाळून घेतलं, हा माझा अनुभव आहे.

आणि कोणाच्या घरात तो काचेचा कप अजून असेल, तर त्यात तुळशीचं रोप लावा. आईने तेच केलं आहे.

हैदराबादेत चांगलं कुठे खावं या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाला विचारा आणि त्याच्याबरोबर जा. नंतर त्याला घरी आणा.

चहा तयार आहे असं चिटणीस खुणावत आहेत. तो इराणी नाही, पण गरम आहे. 

गणपती बाप्पा मोरया!