फळ्यावर 'पुसू नये' लिहायचं राहिलं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला 'तुझ्या कामाबद्दल बोल' असं सांगितलं आहे. माझं काम कॉम्प्युटरचं, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण नेमकं काय, हे माझ्या आईलाही आजवर कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, "तो बँकेतली मशिनं दुरुस्त करतो." मी कधीच बँकेत नव्हतो.

तेव्हा रेल्वेपासून सुरुवात करतो. आपण दहावीत गेलो त्याच जूनमध्ये, १९९३ साली, रोह्याहून वीरपर्यंत कोकण रेल्वे सुरू झाली. पुढचा मार्ग व्हायचा होता. गाडी इथेच संपायची, आणि आपण तास बुडवून ती बघायला जायचो. (सर, आता सांगायला हरकत नाही.) पुढे नोकरीसाठी मुंबईला गेल्यावर आरक्षणाच्या खिडकीशी रांगेत उभा असताना मला वाटायचं, आतल्या बाईंपुढचा तो डबाच जागा शोधून देतो. तसं नसतं. तो डबा फक्त दाखवतो. हिशेब, जागा, नावं, सगळं दूरच्या मोठ्या संगणकावर असतं. बाईंचा डबा बिघडला तर शेजारच्या खिडकीवर तुमचं तिकीट मिळतंच.

आभासी डेस्कटॉप म्हणजे हेच. तुमच्या टेबलावरचं यंत्र ही नुसती खिडकी. तुमचा खरा संगणक एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात, आणि त्या एका पोटात असे चाळीस-पन्नास. कल्पना नवी नाही. आयबीएमनं १९६०च्या दशकातच एका यंत्रात अनेक यंत्रं भासवून दाखवली होती. मला मात्र ते पहिल्यांदा करायला लागलं मार्च २०२०मध्ये, आणि हातात फक्त पाच दिवस होते.

आमच्या कार्यालयात चाळीस माणसं. टाळेबंदी येणार हे दिसत होतं. लॅपटॉप बाजारात मिळेनात. एक जुना सर्व्हर होता, २५६ जीबी मेमरीचा. प्रत्येकाला ४ जीबी दिली तरी १६०, म्हणजे पुष्कळ उरते. मी खूश. एक मूळ यंत्र तयार केलं, त्यात सगळे प्रोग्राम घातले आणि त्याच्या प्रती काढायला लागलो. पहिल्या दहा प्रती फुकट गेल्या. प्रत काढण्याआधी मूळ यंत्राची ओळख पुसावी लागते, नाहीतर सगळी यंत्रं स्वतःला एकच समजतात. हजेरीत दहा मुलांनी एकाच नंबरला 'हजर' म्हणावं तसं झालं.

पहिल्या सोमवारी साडेनऊला सगळ्यांनी एकदम सुरू केलं आणि सगळंच बसलं. मेमरी रिकामी, प्रोसेसर निवांत, तरी कुणाचा पडदा उघडेना. दोन तासांनी उमगलं की डिस्क दमली होती. आपल्या मधल्या सुट्टीतला तो एक नळ आठवा. टाकीत पाणी भरपूर, पण नळ एक आणि पोरं दोनशे. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे कामं करते. माझ्याकडे आठ होत्या, आणि चाळीस यंत्रं एकदम जागी होत होती. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सातला उठून पाच-पाच यंत्रं जागी करायला लागलो.

छपाईची तर गंमतच. डोंबिवलीतून कुणीतरी 'प्रिंट' दाबायचं आणि कागद बंद कार्यालयात पडायचे. जूनमध्ये दार उघडलं तेव्हा खाली ढीग.

आता जे सांगायला आलो ते. आमच्याकडे एक ज्येष्ठ कारकून होते, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. कंत्राटी कामगारांच्या थकबाकीचा तक्ता ते करत होते. दोनशेच्या वर माणसं, टाळेबंदीत घरी बसलेली, त्या पैशाकडे डोळे लावून. मी यंत्रं अशी लावली होती की बंद करून पुन्हा सुरू केली की ती मूळ रूपात येतात. स्वच्छ, विषाणू नाही, कचरा नाही. मला त्याचा फार अभिमान. 'आपलं काम अमुक ठिकाणीच साठवा' असा मेल मी पाठवला होता, इंग्रजीत, आठव्या परिच्छेदात.

काका काम समोरच्या पडद्यावरच ठेवायचे. संध्याकाळी नुसती खिडकी मिटायचे, त्यामुळे आतलं यंत्र चालूच राहायचं आणि सकाळी सगळं जागच्या जागी. तीन दिवस असं चाललं. शुक्रवारी रात्री मी सुधारणा घातल्या आणि चाळीसही यंत्रं पुन्हा सुरू केली.

शनिवारी त्यांचा फोन. चिडले नव्हते. म्हणाले, "साहेब, माझा फळा कोणी पुसला?"

आपल्या शाळेत बाई फळ्याच्या कोपऱ्यात 'पुसू नये' लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी गणित तिथूनच पुढे चालायचं. मी चाळीस फळे लावले, आणि ते रोज पुसले जातात हे कुणाला समजेल असं सांगितलंच नाही. काकांकडे कच्चे कागद होते म्हणून शनिवार-रविवार बसून त्यांनी पुन्हा केलं. पैसे वेळेवर गेले. मी मराठीत चार ओळींचा निरोप लिहिला आणि प्रत्येकाला स्वतः फोन केला. ते आधी करायला एक दुपार पुरली असती.

दुसऱ्या वर्षी २२ जुलैला महाडला जे झालं ते इथे कुणाला सांगायला नको. आपला एक वर्गमित्र, समोरच बसला आहे, हिशेबनीसाचं काम करतो. त्याचा संगणक बाजारपेठेतल्या तळमजल्यावर होता. मी आलो तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि आतून चिखल गळला. सरकारकडे भरलेली विवरणं संकेतस्थळावरून परत मिळाली. पण लोकांच्या खातेवह्या गेल्या. मूळ कागद ज्या दुकानांत होते, तीही पाण्यातच.

मग त्याचं काम आम्ही भाड्याच्या दूरच्या यंत्रावर हलवलं. आता त्याचा लॅपटॉप बुडाला तरी काम बुडत नाही. मात्र पुढच्याच पावसाळ्यात दोन दिवस नेटवर्क गेलं आणि तो हात बांधून बसला. फोनवर मला जे बोलला ते स्मरणिकेत छापता येणार नाही. तेव्हापासून रोज रात्री एक प्रत वीरला, बहिणीच्या उंचावरच्या घरी उतरते.

आज सकाळी शाळेची संगणक खोली पाहिली. बारा यंत्रं, सात बंद. बारा नवी घ्यायची वर्गणी काढू, असं आपल्यातले काही म्हणाले. माझं मत वेगळं आहे. एक दणकट यंत्र घ्यावं, ३२ जीबीचं, एसएसडीचं. जुनी यंत्रं नुसत्या खिडक्या म्हणून वापरावी. लिनक्सवर यासाठी 'एलटीएसपी' नावाची फुकट प्रणाली आहे, तिला खिडकीच्या यंत्रात डिस्कही लागत नाही. सर्व्हर शाळेतच, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी तास चालेल. वीज जाते, म्हणून यूपीएस हवा. आणि ते यंत्र वरच्या मजल्यावर ठेवायचं, यावर मी वाद घालणार नाही.

खोट एकच, आणि ती मोठी आहे. ते एक यंत्र बंद पडलं की बाराही मुलं रिकामी. ज्याला ते उघडून बघता येईल असा माणूस शाळेतलाच हवा. मी पुण्याहून येईपर्यंत तास संपलेला असेल. दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस येतो, माझ्या खर्चानं. शाळेनं एक शिक्षक आणि नववीतली दोन पोरं द्यावी, शक्यतो तास बुडवणारी. मुख्याध्यापक सर, जेवणानंतर तुम्हाला गाठतो.