बी वेचतानाच झाड ठरते



तुमच्यापैकी अनेकांना संध्याकाळच्या एसटीने परतायचे आहे, म्हणून लगेच मुद्द्यावर येतो.

गायरानावर, पडीक डोंगरउतारावर देशी झाडे लावावीत, याबद्दल या मंडपात दुमत नाही. तरीही जूनमध्ये ट्रॉलीतून गावात उतरणारी रोपे पाहा. उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, मध्य अमेरिकेतले, गुलमोहर मादागास्करचा, काशीद आग्नेय आशियातला. गावाने मोह मागितला, अंजन मागितला, तर उत्तर मिळते, शिल्लक नाही. ते खरेच असते. झाडाची निवड खड्ड्यापाशी होत नाही. आदल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कोणी कोणते बी वेचले, तिथेच ती होऊन गेलेली असते. आज मला एवढेच सांगायचे आहे.

राज्याने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले. मागणी अशी वर्षागणिक फुगली की रोपवाटिका साहजिकच त्या जातींकडे वळतात, ज्यांचे बी पोत्याने मिळते, पटकन रुजते आणि रोप पावसाळ्यापर्यंत कमरेएवढे होते. यात रोपवाटिका चालवणाऱ्यांचा दोष आहे असे मी मानत नाही. मागणीचे पत्र उशिरा येते, आणि आलेला माणूस रोपाची उंची पाहून पसंती देतो.

आता आपल्या झाडांचे वेळापत्रक पाहा. खैराच्या शेंगा आणि बेहड्याची फळे थंडीत तयार होतात, हिरडा त्यामागोमाग. करंज, पळस, अंजन, बाभूळ भर उन्हाळ्यात. काटेसावरीची बोंडे उकलली की कापसाबरोबर बी उडून जाते, त्याआधी ती उतरवावी लागतात. जांभूळ आणि मोहाची टोळंबी पावसाच्या तोंडावर पिकतात, आणि त्यांचे बी साठवून चालत नाही. काही आठवड्यांत त्याची रुजण्याची ताकद जाते, म्हणून ते ताजे असतानाच मातीत जायला हवे. धावड्याचे बी ढिगाने मिळते, पण त्यातले फारच थोडे भरलेले असते. ढीगभर पेरावे तेव्हा मूठभर उगवते. हे ज्याला ठाऊक नाही तो एकदा पेरून निराश होतो आणि पुन्हा गुलमोहराकडे वळतो. बाभळीचे तंत्र तर मेंढपाळांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. शेळ्या-मेंढ्यांनी शेंगा खाल्ल्या की पोटातून आलेले बी लवकर रुजते, आणि ते वाड्यात आयते गोळा होते. ही माहिती कार्यालयाच्या फायलीत नाही. ती धनगरांकडे आहे, ठाकर, कातकरी, गोंड, कोरकू कुटुंबांकडे आहे. बी वेचण्याचे काम त्यांना योग्य मजुरी देऊन सोपवावे, हे मी आग्रहाने सांगतो.

दुसरी अडचण उंचीची. मोह, पळस, अंजन ही कोरड्या मुलखातली झाडे पहिली काही वर्षे वर वाढण्याऐवजी खाली वाढतात. सोटमूळ मुरुमात खोल जाते, आणि वरचा कोंब उन्हाळ्यात वाळला तरी पावसाळ्यात पुन्हा फुटतो. छोट्या पिशवीत हेच मूळ तळाशी गोल गुंडाळले जाते. असे रोप जमिनीत लावले तरी मूळ सरळ उतरत नाही. अशा जातींचे बी पहिल्या चांगल्या पावसानंतर थेट जागेवर टोकावे, किंवा उंच पिशवीत वाढवावे. पांगारा, मोई, उंबर यांच्या जाड फांद्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रोवल्या तरी जगतात. बोडक्या उतारावर मी आधी पांगारा मागेन. माघ-फाल्गुनात तो फुलला की पक्षी येतात, आणि त्यांच्या विष्ठेतून वड, पायर, उंबर यांचे बी आपोआप खाली पडते. करवंद, निर्गुडी, धायटी, मुरूडशेंग या झुडपांना कचरा समजून तोडू नका. मोहाचे, हिरड्याचे कोवळे रोप त्यांच्याच आडोशाने जगते.

कितीतरी उतारांवर तर लावायची गरजच नसते. तोडलेल्या ऐनाची, धावड्याची, पळसाची खोडे जमिनीत जिवंत असतात. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली, तेव्हा डोंगर सावरले त्यात या बंदीचा मोठा वाटा होता. वणवा आणि कुऱ्हाड दोन-तीन वर्षे थांबली की जमीन स्वतःच सांगू लागते, इथे काय होते आणि काय येऊ शकते. चराई थांबवायची तर ज्याची शेळी तिथे चरते त्याला वैरण द्यावी लागेल. तो प्रश्न टाळून एकही झाड वाचणार नाही.

आणि काही जमिनी झाड मागतच नाहीत. सोलापूर, अहिल्यानगरचे माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे. मारवेल, पवन्या, कुसळी, डोंगरी गवतांचा तो आपला मुलूख आहे. नान्नजचा परिसर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तो उघडा माळ जपण्यासाठी. लांडगा, काळवीट, धाविक पक्षी यांनाही तो उघडाच हवा असतो. तिथे उंदीरमारीचे खड्डे घेणे म्हणजे मेंढपाळाची वैरण आणि माळढोकाचे घर एकदमच बुडवणे. कोकणातला जांभ्याचा सडाही तसाच. पावसाळ्यात त्यावर उगवणाऱ्या इवल्या वनस्पती खड्ड्यातल्या काजूपेक्षा कमी मोलाच्या नाहीत.

उंदीरमारीवर माझा राग नाही. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी शेतकऱ्याने ती लावली तर ते शहाणपणाचेच आहे. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती डोंगरावरही टिकते आणि मोजणीत चांगली दिसते. पण जे पान कोणी खात नाही, त्यावर डोंगर कसा पोसला जाणार?

कोणते झाड आपल्या तालुक्याचे, हे ओळखायला दोन साधने हाताशी आहेत. जवळची देवराई, जिचे मोल वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात अभ्यासातून दाखवून दिले. आणि थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ, १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला. कोणती जात कुठे आढळली याच्या नोंदी त्यात आहेत. देवराईतले बी मात्र देवस्थानाला आणि गावाला विचारूनच उचलावे, आणि खाली पडलेल्यापैकी थोडेच. बाकीचे तिथल्या जनावरांचे आणि तिथल्याच मातीचे आहे.

या परिषदेने तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. ग्रामपंचायतींनी जातवार मागणी दिवाळीपूर्वी द्यावी, आणि रोपवाटिकांना आगाऊ रक्कम मिळावी. प्रत्येक वाफ्यावर जातीच्या नावाबरोबर बी कोणत्या गावाच्या शिवारातून आले तेही लिहावे. तपासणीत रोपाच्या उंचीऐवजी तिसऱ्या पावसाळ्यानंतर जिवंत असलेली मुळे मोजावीत. दुपारच्या सत्रात मसुदा मांडला जाईल. दुरुस्त्या जरूर सुचवा. विशेषतः मजुरीचा दर किती असावा, हे बी वेचणाऱ्या भगिनींनी स्वतः उभे राहून सांगावे.