हळदीचा गुण आणि पुराव्याची कसोटी



विळीवर बोट कापले की घरातील वडीलधारी स्त्री प्रथम हळदीचा डबा जवळ करते. कोल्हापूरशेजारच्या सांगलीची पेठ तर हळदीसाठी देशभर प्रसिद्ध. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही लाभले. ओली हळद कंद म्हणून वर्ज्य मानणाऱ्या अनेक जैन घरांतही वाळलेल्या हळदीची पूड स्वयंपाकात व औषधात असतेच. इतक्या परिचयाच्या वस्तूची परीक्षा कशासाठी घ्यावयाची, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर हळदीच्याच एका गाजलेल्या प्रकरणात सापडते.

जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याच्या पद्धतीवर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. ते घेणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचेच होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली या पेटंटला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल हे त्यांचे जन्मगाव, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद त्यांनी पूर्वी भूषविले होते.

त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट केवळ वापरात असणे पुरेसे नव्हते. ती छापून प्रसिद्ध झालेली असावी लागे. म्हणजे कोट्यवधी घरांतील अनुभव साक्षीस चालणार नव्हता. व्यापारी समाजाला हे वेगळे सांगावयास नको. तोंडी व्यवहार कितीही सचोटीचा असला तरी वाद उद्भवल्यावर खतावणीच उघडावी लागते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला लेख यांसह ३२ संदर्भ सादर केले. १९९७ साली अमेरिकन पेटंट कार्यालयाने त्या पेटंटमधील सर्व दावे फेटाळले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची नोंद करणारे संगणकीय ग्रंथालय उभारण्यास आरंभ झाला, त्यामागे हाच अनुभव होता.

या विजयाचा आनंद सर्वांना झाला, आणि तो योग्यच होता. मात्र त्या निकालाने काय सिद्ध झाले, हे नीट समजून घेतले पाहिजे. हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढेच त्याने ठरले. हळद जखमेवर किती गुणकारी आहे, कोणत्या जखमेवर आहे आणि किती मात्रेत आहे, हे त्या निकालाने ठरविले नाही. ते केवळ चाचणीनेच ठरू शकते.

अशी चाचणी पुष्कळदा उंदरांवर होते. गुंगी दिलेल्या उंदराच्या पाठीवरील त्वचेचा गोल तुकडा काढतात व जखमेचे क्षेत्रफळ दिवसागणिक किती घटते ते मोजतात. दुसऱ्या पद्धतीत सरळ छेद देऊन तो शिवतात आणि भरून आलेली त्वचा किती ताण सहन करते ते पाहतात; कापडाची ताणशक्ती तपासतात, तसाच हा प्रकार. एका गटाला वनस्पतीयुक्त मलम, दुसऱ्याला वनस्पतीविरहित मलम आणि तिसऱ्याला प्रचलित औषध लावतात. ही तुलना नसेल तर चाचणीला अर्थ उरत नाही. कारण लहान जखम काहीही न लावता देखील बहुधा भरून येते. हळद, कोरफड, दगडीपाला अशा अनेक वनस्पतींची परीक्षा या रीतीने झालेली आहे.

येथे अहिंसेचा उपासक थबकतो, आणि त्याने थबकलेच पाहिजे. औषध आणि अहिंसा यांचा विचार जैन परंपरेला नवा नाही. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळातील उग्रादित्याचार्यांनी आपल्या ‘कल्याणकारक’ या वैद्यकग्रंथात औषधातील मांसाचा निषेध केला. हा ग्रंथ १९४० साली सोलापूर येथून पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. औषधात काय घालावे, हा उग्रादित्यांचा प्रश्न होता. औषध कसे पारखावे, हा आजचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर परीक्षाच नको, असे नव्हे. न पारखलेले औषध रुग्णाला देणे ही सुद्धा हिंसाच ठरू शकते. उत्तर परीक्षेची रीत सुधारण्यात आहे. काचेच्या बशीत वाढविलेल्या त्वचापेशींच्या थरावर बारीक ओरखडा काढून तो किती वेळात भरतो हे पाहण्याची पद्धत आज प्रचलित आहे. संपूर्ण शरीराची गुंतागुंत तीत येत नाही. तथापि निरुपयोगी अर्क आरंभीच बाजूला काढता येतात आणि तेवढे जीव वाचतात. २०२३ साली भारताच्या नव्या औषधांसंबंधीच्या नियमांत प्राण्यांविना होणाऱ्या अशा चाचण्यांनाही स्थान मिळाले आहे. प्रयोगशाळांना देणगी देणाऱ्या समाजाने या मार्गाचा आग्रह धरावा.

शेवटी घरातील व्यवहाराची गोष्ट. दुकानातील पूड निर्जंतुक नसते, आणि रंग खुलविण्यासाठी हळदीत शिशाचे विषारी संयुग मिसळल्याची उदाहरणे उघडकीस आली आहेत. मधुमेही व्यक्तीच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते; जखम दुखत नाही म्हणून ती किरकोळ समजली जाते. अशा जखमेवर हळद दाबून आठवडा काढणे म्हणजे पाय गमावण्याचा धोका पत्करणे होय. त्या जखमेला त्याच दिवशी डॉक्टरांची दृष्टी लाभली पाहिजे. आजीच्या बटव्याचा अवमान त्यात मुळीच नाही.

त्या बटव्यातील वनस्पतींची नावे, मात्रा व रीत घरातील वृद्धांकडून विचारून वहीत उतरवून ठेवावी. लिहिलेले ज्ञान हिरावले जात नाही, आणि पारखलेले ज्ञान कोणाला फसवीत नाही. पारखताना करुणाही सुटू नये, एवढे भान समाजाने राखावे.