अहोरात्र जागणारे यंत्र आणि विजेचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या वेळी दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक सभेत चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा दावा मजपाशी नाही. तथापि उभे आयुष्य मुलांना हिशेब शिकविण्यात गेले असल्याने, कोणताही खर्च समोर आला म्हणजे तो पाटीवर मांडून पाहिल्यावाचून मला चैन पडत नाही. आजचा विषयही अशाच एका खर्चाचा आहे.

आपल्या विद्यार्थी वसतिगृहात इंटरनेटची नवी जोडणी आली आहे. तिच्या तोंडाशी फायरवॉलचे काम करणारा एक राउटर स्वतः जुळवून बसवावा, असे मंडळाच्या विचारात आहे. त्यासाठी एका उदार सभासदांनी आपल्या कचेरीतील वापरलेले डेस्कटॉप संगणक विनामूल्य देऊ केले आहेत. त्यांच्या औदार्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ती देणगी कोणत्या कामी लावावी, याविषयी माझे मत थोडे निराळे आहे. आणि ते सकारण मांडावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम फायरवॉल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाशी देवडी असे आणि देवडीवर पहारेकरी बसे. आतील माणसाने बोलाविलेल्या पाहुण्यास तो आत सोडी, अनोळखी माणसास बाहेर थोपवी, आणि दिवाणखान्यात कोणी जावे व कोठीपर्यंत कोणी जावे याचे नियम पाळी. इंटरनेटवरून येणाऱ्याजाणाऱ्या माहितीच्या बाबतीत फायरवॉल हेच काम करते. अशा पहाऱ्याची गरज काय, असे कोणी विचारील तर दोन घटना सांगतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमने, कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द मालकांनी कधीच न बदललेले असंख्य कॅमेरे व चित्रमुद्रक यंत्रे कबजात घेतली. त्यांच्याकरवी २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डाइन’ या कंपनीवर असा भडिमार झाला की, अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास लोकांना उघडेनात. पुढे मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम उजेडात आला. त्याने ५४ देशांतील किमान ५ लाख यंत्रे, मुख्यतः घरगुती व लहान कचेऱ्यांतील राउटर, ग्रासल्याचे सिस्को कंपनीच्या टॅलोस या विभागाने जाहीर केले. म्हणजे पहारेकरीच फितूर झाला! आपल्या वसतिगृहातही कॅमेरे आहेत आणि पन्नासाहून अधिक मुलांचे फोन आहेत. तेव्हा ही गोष्ट परक्याची म्हणून सोडून देता येत नाही.

बाजारातील तयार राउटरची अडचण अशी की, काही वर्षांनी निर्माता त्याच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती थांबवितो. यंत्र धडधाकट असते, पण त्यातील विद्या शिळी होते. स्वतः जुळविलेल्या यंत्रात प्रोग्रॅम वेगळा आणि यंत्र वेगळे. त्यामुळे यंत्र चालते आहे तोवर विद्या ताजी ठेवता येते. या कामाचे उत्तम प्रोग्रॅम विनामूल्य उपलब्ध आहेत. स्वित्झर्लंडमधील मॅन्युएल कास्पर यांनी लहान यंत्रांसाठी ‘मोनोवॉल’ रचला. त्यातून २००४ साली ‘पीएफसेन्स’ निघाला, आणि त्यापासून २०१५ साली ‘ओपीएनसेन्स’ वेगळा झाला. लिंक्सिस कंपनीच्या राउटरमधील प्रोग्रॅमचा मूळ मजकूर खुला झाल्यावर २००४ च्या सुमारास ‘ओपनडब्ल्यूआरटी’ची परंपरा सुरू झाली. यांपैकी कोणताही घेतला तरी परवान्याचा खर्च पडत नाही. खर्च आहे तो यंत्राचा, आणि यंत्राहून अधिक, ते खाते त्या विजेचा.

आता हिशेबाकडे वळू. वर्षाचे तास ८,७६०. पंखा आपण उन्हाळ्यात लावतो, दिवा संध्याकाळी लावतो. पण पहारेकरी यंत्र या सर्व तासांत जागे असते. एक हजार वॅट एक तास म्हणजे एक युनिट. म्हणून अहोरात्र चालणारा एक वॅट वर्षाला ८.७६ युनिट खातो. देणगीतील डेस्कटॉप नुसता स्वस्थ बसला तरी सुमारे ६० वॅट घेतो. मी एक संगणक वीज मोजण्याच्या प्लगवर लावून पाहिला आहे. माझ्या घरी तीन वर्षे चालत असलेले लहान यंत्र त्याच प्लगवर १० वॅट दाखविते. पहिल्याचे वर्षाला ५२५.६ युनिट झाले, दुसऱ्याचे ८७.६. फरक ४३८ युनिटांचा. हिशेबाच्या सोयीसाठी दर युनिटला ८ रुपये धरला, तर हा फरक वर्षाला ३,५०४ रुपये आणि पाच वर्षांत १७,५२० रुपये होतो. फुकट मिळालेल्या यंत्राची ही खरी किंमत होय. आपल्याकडे म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला; येथे तर कोंबडी दानात आलेली आहे आणि मसाला मात्र दरमहा वीज कंपनीच्या दारी मोजावयाचा आहे! त्या पैशांत एखाद्या गरजू विद्यार्थ्याची पुस्तके येतील.

मग दान परत करावे काय? मुळीच नाही. ते संगणक अभ्यासिकेत मांडावेत. ६० वॅटचा संगणक मुलांनी दररोज चार तास वापरला, तर वर्षाचे ८७.६ युनिटच होतात. म्हणजे लहान पहारेकरी चोवीस तास जागून जेवढी वीज खातो तेवढीच. एकच वस्तू एका जागी उधळपट्टी ठरते आणि दुसऱ्या जागी विद्यादान ठरते.

काटकसरीचाही अतिरेक होऊ नये, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. १० वॅटचे यंत्र टाकून ६ वॅटचे घेतले, तर वर्षाला ३५ युनिट, म्हणजे सुमारे २८० रुपये वाचतील. एवढ्यासाठी चार-पाच हजार अधिक मोजणे हा शहाणपणा नव्हे. साठावरून दहावर येण्यात खरी बचत आहे. दहावरून सहावर येणे ही केवळ हौस आहे.

यंत्र निवडताना अंथरूण पाहून पाय पसरावे. प्रथम आपली जोडणी किती वेगाची आहे ते पाहावे. ज्या घरी १०० मेगाबिटची जोडणी आहे आणि माणसे चार आहेत, तेथे ओपनडब्ल्यूआरटी चालू शकेल असा चांगला लहान राउटर पुरेसा आहे. वसतिगृहाची जोडणी ३०० मेगाबिटची असून वापरणारे पुष्कळ आहेत. तेथे थोडे सशक्त यंत्र हवे. त्यातही एक बारकावा आहे. आपल्याकडील अनेक जोडण्या नाव व परवलीचा शब्द देऊन ‘पीपीपीओई’ पद्धतीने उघडतात. पीएफसेन्स व ओपीएनसेन्स हे दोन्ही प्रोग्रॅम फ्रीबीएसडी या प्रणालीवर आधारलेले आहेत, आणि तीत हे काम दीर्घकाळ प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडत आले आहे. म्हणून गाभे किती आहेत हे विचारण्याआधी एकेक गाभा किती वेगवान आहे, हे विचारावे.

दुसरी गोष्ट तारेच्या दारांची. एक दार रस्त्याकडे व एक घराकडे, अशी दोन तरी हवीत. कॅमेऱ्यांना तिसरे वेगळे दार दिले, म्हणजे उद्या एखादा कॅमेरा फितूर झाला तरी तो मुलांच्या संगणकांपर्यंत पोहोचणार नाही. लोकप्रिय असलेल्या रास्पबेरी पाय ४ या २०१९ सालच्या लहान संगणकास वीज थोडी लागते, पण त्यास तारेचे दार एकच आहे आणि दुसरे यूएसबीतून जोडावे लागते. शिवाय तो बहुधा मेमरी कार्डावर चालवितात, आणि रात्रंदिवस नोंदी लिहून कार्ड झिजते. शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तो उत्तम. संस्थेच्या दारावर मी तो बसविणार नाही. दारांची चिप इंटेलची असल्यास फ्रीबीएसडीशी तिचे सहसा चांगले जमते.

तिसरी गोष्ट गुप्तलेखनाची. दूर राहून वसतिगृहाच्या जाळ्यात सुरक्षितपणे शिरावयाचे असेल, तर सर्व मजकूर कुलूपबंद करून न्यावा लागतो. प्रोसेसरमध्ये ‘एईएस’ या पद्धतीची अंगभूत सोय असेल, तर हे काम थोड्या श्रमात होते. २०१३ साली निघालेला इंटेलचा जे१९०० हा प्रोसेसर जुन्या बाजारात दिसतो, पण त्यात ही सोय नाही. ‘वायरगार्ड’ ही नवी पद्धत निराळे गुप्तलेखन वापरते, सबब तिला या सोयीची गरज पडत नाही.

या क्षेत्रात पूर्वी एका स्विस कंपनीच्या बोर्डांचा मोठा लौकिक होता. पीसी इंजिन्स हे तिचे नाव. तिचा एपीयू२ हा बोर्ड पंख्याविना, १२ व्होल्टवर, साधारणतः ६ ते १२ वॅटमध्ये वर्षानुवर्षे चाले. २०२३ साली कंपनीने हे बोर्ड बंद करण्याचे जाहीर केले. तरी त्याने घालून दिलेला वस्तुपाठ टिकून आहे : अनेक दारे, पंखा नाही, गरज तेवढीच शक्ती. आज त्या जागी इंटेलच्या एन१०० या २०२३ सालच्या प्रोसेसरची चार दारांची लहान यंत्रे मिळतात. त्यात चार गाभे असून एईएसची सोय आहे. जाहिरातीत ‘६ वॅट’ असे लिहिलेले असते. तो आकडा एकट्या प्रोसेसरचा आहे. स्मृती, दारे आणि अडॅप्टरमधील तूट धरून भिंतीशी मोजले असता संपूर्ण यंत्राचा वापर त्याहून अधिक भरतो. म्हणून जाहिरातीपेक्षा प्लगवरच्या आकड्यावर विश्वास ठेवावा.

पंखा नसणे हा आपल्या हवेत मोठाच गुण आहे. पंखा धूळ ओढतो, धुळीने अडतो, आणि तो अडला की यंत्र तापून बंद पडते. मात्र पंखा नसलेले यंत्र बंद कपाटात कोंडू नये. त्याची धातूची पाठ हाच त्याचा पंखा आहे. तीस मोकळी हवा लागते.

आता विजेच्या लपंडावाविषयी. परीक्षेच्या दिवसांतच वीज जावी, हा अनुभव आपणा सर्वांस आहे. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी ८४ वॅट-तासांची असते. तिचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मी वापरली, तर ४२ वॅट-तास हाती येतात. १० वॅटचे यंत्र आणि सुमारे तेवढीच वीज घेणारी फायबरची पेटी ही दोन्ही त्यावर दोन तास चालतात. डेस्कटॉप लावला तर इन्व्हर्टरमधील तूट धरून जेमतेम अर्धा तास निघतो. येथे लक्षात ठेवावे की, फायबरची पेटी आणि वाय-फाय यांनाही बॅटरी हवी. पहारेकरी जागा आणि रस्ताच बंद, असे होता उपयोगी नाही.

कोणी असे समजू नये की, हे यंत्र आले म्हणजे सर्व भय संपले. मुलाने स्वतःच खोट्या पत्रास भुलून बँकेचा गुप्त आकडा सांगितला, तर फायरवॉल काय करणार? आणि पहारेकऱ्यावरही कोणाची तरी नजर हवी. नव्या दुरुस्त्या दरमहा चढवाव्या लागतात, नियम वहीत लिहून ठेवावे लागतात, परवलीचा शब्द मोहरबंद पाकिटात चिटणीसांकडे असावा लागतो. अशा कामाचे यंत्र एका हुशार माणसावर सोपविले आणि तो माणूस परगावी गेला, की ते अनाथ होते. म्हणून वसतिगृहातील दोन विद्यार्थ्यांकडे हे काम द्यावे आणि दरवर्षी त्यांनी ते धाकट्या दोघांस शिकवावे. यातून काही मुलांना पोटापाण्याची विद्याही मिळेल.

सारांश, माझी सभेस नम्र सूचना अशी : देणगीतील संगणक कृतज्ञतापूर्वक स्वीकारून अभ्यासिकेत मांडावेत, दारावर पंखा नसलेले, निदान तीन तारेच्या दारांचे, सुमारे १० वॅटचे यंत्र बसवावे, ते १७,५२० रुपयांहून कमी किमतीस मिळाले, तर मघाच्या दराने पाच वर्षांच्या आत विजेच्या बचतीतूनच त्याची किंमत वसूल होईल, आणि खरेदीच्या दिवशी त्याचा वीजवापर सर्वांसमोर मोजून हिशेबाच्या वहीत नोंदवावा.

संस्थेचा पैसा हा पै पै करून जमलेला आहे. तो देताना ज्यांनी पोटास चिमटा घेतला, त्यांना त्याचा हिशेब नीट मिळाला पाहिजे.