देव नाही, मग नीती कशाच्या आधारावर?



घरातील देव्हारा काढल्यावर शेजारी आपणांस विचारतो, "देवाचे भय गेले, आता तुम्हांला दुष्कृत्यापासून कोण अडविणार?" या प्रश्नाची टर उडवू नका. त्याचे उत्तर देणे आपले कर्तव्य आहे.

देवाच्या भयाने नीती येते काय? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी प्राशन केले. त्यांना मारहाण करणारे आणि पुढे शेण-गोमूत्राने ते तळे 'शुद्ध' करून घेणारे लोक नास्तिक नव्हते. देव मानूनही त्यांना समोरचा माणूस दिसला नाही.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना निराळी कसोटी दिली. ग्रंथात आहे, परंपरा आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. लोभ, द्वेष आणि मोह यांनी माणसाचे हित होते की अहित, हे स्वतः पारखून घ्या. कृत्य वाईट ठरते ते देव कोपतो म्हणून नव्हे, तर त्याने दुःख निर्माण होते म्हणून.

मात्र ही नीती अधिक कठीण आहे. येथे नवस नाही, पाप धुऊन टाकणारे तीर्थ नाही. देव्हारा काढला, पण दारू पिऊन पत्नीवर हात उगारला, तर शेजाऱ्याचा आक्षेप आपणच खरा केला असे होईल.

पंचशील केवळ ओठांवर नको. ते घरात दिसू द्या. तेच शेजाऱ्यास आपले उत्तर होय.

जय भीम!