पाणी कुणी वळवलं?



कोल्हापुरात पाण्याचा विषय निघाला की राजाराम बंधाऱ्यावरचे आकडे आपोआप तोंडात येतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ साली ५६ फूट ओलांडले. त्या पुरांवर या शहरात खूप बोललं गेलं आहे. आज मी नदीच्या पुराबद्दल बोलणार नाही. पंचगंगा इशारा पातळीच्या कितीतरी खाली असते, एखादा वळीव तासभर कोसळतो आणि पेठेतल्या एखाद्या घरात गुडघाभर पाणी उभं राहतं. हे पाणी नदीचं नसतं. शेजारी काय झालंय हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. वाडा पाडलाय, इमला उतरवलाय, पायासाठी खुदाई झालीय आणि पावसाच्या तोंडावर काम थांबलंय. ज्याच्या घरात पाणी शिरलं तो मात्र म्हणतो, "पावसाला कोण काय करणार?" या वाक्याबद्दलच मला आज बोलायचं आहे, कारण कायद्याला हे उत्तर मान्य नाही.

वाडा पाडला की पाण्याच्या बाबतीत नेमकं काय बिघडतं ते आधी पाहू. आपल्या जुन्या पेठांत घरं एकमेकांना चिकटून आहेत. मधली भिंत बऱ्याचदा सामाईक असते. एकाच्या कौलांचं पाणी पन्हळीतून दुसऱ्याच्या बोळात उतरतं, तिथून मोरीतून मागच्या गटारीला जातं. ही व्यवस्था कुठल्याच नकाशावर नसते, पण ती शंभर वर्षं चाललेली असते. जेसीबी आला की सकाळभरात सगळं जातं. पन्हळ गेली, मोरी बुजली, चौकातला आड खरमातीनं भरला. सामाईक भिंतीचं शेजाऱ्याकडचं अंग उघडं पडलं. त्या अंगाला कधी गिलावाच नव्हता, नुसती पांढरी माती आणि विटा. उरलेली खरमाती गटारीच्या कडेला ढिगानं पडली आणि पहिल्याच सरीत गटारीत उतरली. आता आकाशातून पाणी तेवढंच पडतं, पण त्याला जायला जागा राहिलेली नसते. तेव्हा ते शेजाऱ्याच्या उंबऱ्यावरून आत येतं.

पहिला बचाव ठरलेला असतो : पाऊस म्हणजे देवाची करणी. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक शहराच्या नगरपालिकेनं नेमका हाच बचाव घेतला होता. तिथल्या एका ओढ्याच्या पात्रात नगरपालिकेनं मुलांना खेळायला काँक्रीटचा उथळ तलाव बांधला आणि त्यासाठी ओढ्याची वाट बदलली. १९१२ साली असामान्य पाऊस झाला. ओढा तलावापाशी फुटून रस्त्यावर आला आणि खालच्या रेल्वे कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान झालं. १९१७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं नगरपालिकेला जबाबदार धरलं. ओढा होता तसा राहिला असता तर हे पाणी त्याच्या वाटेनं निघून गेलं असतं. ज्यानं नैसर्गिक वाट बदलली, त्यानं जुन्या वाटेइतकीच भक्कम सोय करून द्यायची, पाऊस कितीही असो. ब्रिटनमधले निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण नुकसानभरपाईचा हा भाग आपल्याकडं एका संहितेत बांधलेला नाही, त्यामुळं न्यायालयं अशा निकालांचा आधार घेत आली आहेत.

आपल्या कायद्यात काहीच नाही असंही नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या सातव्या कलमाखाली एक दाखला दिलेला आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं, ठरावीक पात्रात नसलेलं पाणी नैसर्गिकपणे खाली उतरत असेल, तर खालच्या जमीनमालकानं ते येऊ द्यायचं. शेतकऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पण नैसर्गिकपणे हा शब्द तिथं महत्त्वाचा आहे. जे पाणी मी गोळा केलं, तुंबवलं किंवा वळवलं ते सोसण्याचं ओझं शेजाऱ्यावर नाही.

दुसरा बचाव जास्त चलाखीचा आहे : "मी कुठं पाडलं? काम ठेकेदाराला दिलंय." ठेकेदार म्हणतो पोकलेनवाल्याला विचारा, पोकलेनवाला इचलकरंजीचा आणि त्याचा फोन बंद. १८७६ साली इंग्लंडमध्ये बोवर विरुद्ध पीट या खटल्यात हाच प्रश्न आला होता. एकाला आपलं घर पाडून पाया खोल खणायचा होता. शेजाऱ्याच्या घराला आधार देण्याची जबाबदारी ठेकेदारानं लिहून घेतली होती, तरी शेजारचं घर खचलं. न्यायालय म्हणालं, ज्या कामातून शेजाऱ्याला धोका होणार हे उघड दिसतं, ते काम करवून घेणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावर ढकलून सुटता येत नाही. खबरदारी घेतली गेली की नाही हे पाहणं त्याचंच काम. माझ्या मते हे तत्त्व आपल्या पेठांसाठीच केल्यासारखं आहे. जिथं भिंतीला भिंत आहे तिथं इमला उतरवणं म्हणजे शेजाऱ्याच्या घराला हात लावणंच आहे. मालकानं ठेकेदाराकडून नंतर पैसे जरूर वसूल करावेत, पण शेजाऱ्याला त्या वादात ओढू नये.

आता खरमातीकडं येतो. तिचा सगळ्यात जास्त फटका जयंती नाल्याला आणि त्याला मिळणाऱ्या गोमती नाल्याला बसतो. कळंब्याच्या बाजूनं येणारा जयंती नाला भर शहरातून वाहत पंचगंगेला जातो. काठाची शाहूपुरी कुंभार गल्ली दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून असते, तिथं गणपतीच्या मूर्ती ऐन पावसाळ्यात घडत असतात. नाल्याच्या कडेच्या प्लॉटवर भराव पडला, तर नाला आपली रुंदी दुसऱ्या काठावरून काढून घेतो. १९४० चा सेडली-डेनफिल्डचा इंग्लिश निकाल इथं उपयोगाचा आहे. एका धार्मिक संस्थेच्या जमिनीतल्या चरात परक्यांनी, संस्थेला न विचारता, पाईप टाकला. पाल्यापाचोळ्यानं तो तुंबू नये म्हणून जाळी पाईपच्या तोंडाच्या थोडी अलीकडं बसवायची असते. ती थेट तोंडावरच ठेवली गेली. तीन वर्षांनी मोठा पाऊस झाला, जाळी पाल्यानं बंद झाली आणि शेजाऱ्याच्या बागेत पाणी भरलं. संस्था म्हणाली, पाईप आम्ही टाकलाच नाही. पण संस्थेची माणसं तो चर नियमित साफ करत होती, पाईपचा उपयोगही करून घेत होती. तेव्हा निकाल असा झाला की आपल्या जमिनीतला धोका ठाऊक असून जो तो तसाच राहू देतो, तो धोका त्याचाच होतो. "खरमाती माझी नाही, रात्री कुणीतरी डंपर ओतून गेला" म्हणणाऱ्या प्लॉटमालकाला हे लागू पडतं. शिवाय पाडकामाच्या कचऱ्यानं रस्ता किंवा गटार अडू नये, ही जबाबदारी तो कचरा करणाऱ्याची आहे, असं २०१६ साली केंद्रानं केलेल्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं.

साठवलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८ : गिरणीमालकानं बांधलेल्या जलाशयाचं पाणी जुन्या, विसरलेल्या खाणीच्या विवरांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत उतरलं. मालकाची स्वतःची चूक नव्हती, तरी भरपाई द्यावी लागली. धोक्याची वस्तू आणली, ती निसटली, तर आणणारा जबाबदार. पण १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलनं मद्रासकडच्या एका जमीनदाराला या नियमातून सोडलं, कारण त्याचे तलाव पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या शेतीसाठी राखलेले होते आणि ते राखणं हे त्याचं कर्तव्य होतं. तलाव आणि खड्डा यांत कायद्यानं केलेला हा फरक मला फार शहाणपणाचा वाटतो.  लोकांसाठी राखलेला तलाव आणि तळघरासाठी खणून पावसाळाभर उघडा ठेवलेला पंधरा फुटी खड्डा यांना एकच माप लावून चालणार नाही. अशा खड्ड्यातलं पाणी शेजारच्या भिंतीखाली मुरलं तर मालकाची बाजू पहिल्यापासून लंगडी आहे.

आणि महापालिका? धोकादायक इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली नोटीस देऊन तीच कधीकधी इमला उतरवते. जबाबदारी तिलाही टाळता येत नाही. दिल्लीत चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा १९५१ साली कोसळला. त्याचा चुना चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकणारा आणि मनोरा ऐंशी वर्षांचा होता. "आतून खराब झाल्याचं कळलं नाही" हे महापालिकेचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयानं १९६६ साली मानलं नाही. १९८० साली रतलाम नगरपालिकेनं गटारींसाठी पैसा नसल्याचं सांगितलं, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेही मानलं नाही. अलीकडं नागपूरकरांनी न्यायालयाचा हा रस्ता धरला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठची घरं बुडाली, आणि सांडव्यासमोरच्या स्मारकाचा व पात्रातल्या बांधकामांचा प्रश्न नागरिकांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं नेला.

आता बाजू सिद्ध करण्याबद्दल, कारण दावे हरतात ते इथं. पाडकाम झालं आणि पाणी आलं, एवढं पुरत नाही. पाडकाम झालं नसतं तर हे पाणी आलं नसतं, हे दाखवावं लागतं. २०२१ च्या जुलैमध्ये ज्या गल्लीत नदीच होती, तिथं खरमातीचा वाटा वेगळा काढणं अवघड. पण ज्या दिवशी नदी शांत होती आणि चार घरांपैकी दोनच भिजली, तिथं पुरावा समोरच असतो. तो दोन दिवसांत नाहीसा होतो. मालक रात्रीत खरमाती उचलतो, गटार मोकळी होते. म्हणून पाणी घरात असतानाच भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, तुंबलेल्या मोरीचे, ढिगाच्या जागेचे फोटो काढा. ते न्यायालयात टिकायला २०२३ च्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ मोबाईल जपून ठेवा. बंधाऱ्याची त्या दिवसाची पातळी नोंदवून ठेवा. मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. दावा लावला की लगेच जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनर मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची सोय आहे.

सरकारी पंचनाम्यावर मिळतं ते सानुग्रह अनुदान. ते घेतलं म्हणून शेजाऱ्याकडून भरपाई मागण्याचा हक्क जात नाही. बरेच लोक ही गल्लत करून गप्प बसतात. खासगी मालकाविरुद्ध साधारण तीन वर्षांची मुदत असते. महापालिकेनं कायद्याखाली केलेल्या कृत्याबद्दल मात्र महापालिका कायद्याच्या कलम ४८७ नुसार आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. गणपती, दसरा, दिवाळी करत सहा महिने कधी संपले ते कळत नाही. निष्काळजीपणानं इमला पाडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हाही आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात मोफत साहाय्याला पात्र असलेल्यांत पूरग्रस्तांचा उल्लेख नावानं आहे, आणि स्त्रीला तर उत्पन्नाची अट न लावता ते मिळतं. घर आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर दावा तिच्या नावानं लावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळं वरच्या कोर्टासाठी मुंबईच्या फेऱ्याही उरल्या नाहीत.

पण माझा आग्रह भरपाईपेक्षा मनाईसाठी आहे. शेजारी वाडा पाडलेला दिसतोय, पन्हळ तुटलीय, खड्डा उघडा आहे, तर वळीव यायच्या आधी अर्ज करा. काम थांबवण्याचा हुकूम तर मागाच, पण पाण्याला तात्पुरता चर काढून द्यावा, सामाईक भिंतीवर ताडपत्री नव्हे तर गिलावा करावा, खरमाती उचलावी, असे हुकूमही मागता येतात. त्याच दिवशी कमिशनरचा अर्जही जोडा. आपली भिंत अजून कोरडी होती याची नोंद तेव्हाच होऊ शकते.